‘जाहीर करतो’ याला इंग्रजीत किती शब्द?

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या टेबलावर मराठी कागदांची चळत वाढली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील खालच्या न्यायालयांतली वादपत्रे, कैफियती, जबाब, पंचनामे असा बराचसा मजकूर मराठीत असतो आणि उच्च न्यायालयापुढे तो इंग्रजीत न्यावा लागतो. या कामाच्या सुरुवातीलाच एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्या अनुवादातल्या एका शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून कागद परत पाठवला. मूळ प्रतिज्ञापत्रात ‘मी सत्यप्रतिज्ञेवर जाहीर करतो की, सदर मिळकत माझ्या एकट्याच्या वहिवाटीत आहे’ असे वाक्य होते आणि ‘जाहीर करतो’ यासाठी मी ‘अनाउन्स’ हे क्रियापद वापरले होते. समासात वकीलसाहेबांनी एवढेच लिहिले होते : ‘हा लग्नपत्रिका वाटतोय का?’

चूक माझीच होती, पण ती का झाली याचा विचार करताना लक्षात आले की, शब्दकोशाने मला अडवले नव्हते. डिक्लेअर, अनाउन्स, प्रोक्लेम, प्रोनाउन्स, अफर्म, असर्ट, अव्हर यांपैकी कोणताही शब्द उघडला तरी समोर ‘जाहीर करणे, घोषित करणे, प्रतिपादन करणे’ हेच तीन-चार अर्थ फिरून फिरून येतात. काय सांगितले जाते, एवढ्यापुरते ते अर्थ बरोबरही आहेत. मात्र सांगण्याचा अधिकार कोणाचा, ऐकणाऱ्याला शंका आहे की नाही आणि सांगून झाल्यावर सांगणाऱ्याच्या अंगावर कोणती जबाबदारी उरते, या तीन गोष्टी त्या अर्थांत येत नाहीत. हे शब्द वेगळे होतात ते नेमके याच तीन ठिकाणी.

डिक्लेअर या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘क्लारुस’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट हा शब्द आहे. जे संदिग्ध होते ते स्पष्ट करून मांडणे, हा त्याचा मूळ भाव. आपला ‘जाहीर’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्दही मुळात ‘दिसणारा, उघड’ याच अर्थाचा आहे, त्यामुळे या दोन शब्दांची जोडी फार जुळून आलेली आहे. प्रोक्लेममध्ये ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणे आहे आणि संस्कृत ‘घोष’ म्हणजे मोठा आवाज, म्हणून घोषणा किंवा उद्घोषणा हे त्याचे खरे भाऊबंद. अनाउन्सच्या मुळाशी ‘नुन्तिउस’ म्हणजे निरोप्या आहे. निरोप्या बातमी पोचवतो; बातमी घडवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो आणि बातमी खोटी निघाली तर तो मालकाकडे बोट दाखवतो. माझ्या प्रतिज्ञापत्रात हा शब्द का शोभला नाही, याचे उत्तर इथेच मिळते. जमिनीच्या वहिवाटीबद्दल शपथेवर बोलणारा माणूस कोणाचा निरोप आणत नसतो.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर कोल्हापुरातल्या खासबाग या कुस्तीच्या मैदानात जाऊन बसावे. निवेदक ध्वनिक्षेपकावरून पुढच्या जोडीची नावे, त्यांची गावे, तालमी आणि इनामाची रक्कम पुकारतो. हे झाले अनाउन्स. कुस्ती लागते, एकाची पाठ मातीला लागल्यासारखी दिसते आणि प्रेक्षकांतून आरोळी उठते, तरी कुस्ती अजून निकाली झालेली नसते. पंच जवळ जाऊन पाहतात, विजेत्याचा हात धरून वर करतात आणि त्या क्षणी निकाल अस्तित्वात येतो, हे डिक्लेअर. हरलेल्याचे वस्ताद आणि गावकरी आखाड्याच्या कडेला उभे राहून ‘पाठ लागलेलीच नाही’ असे तावातावाने सांगत असतात, ते असर्ट. आणि मग हलगी-घुमक्याच्या कडकडाटात विजेत्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली जाते, तिला इंग्रजीत प्रोक्लेमच म्हणावे लागेल, कारण तिथे नवी माहिती काहीच नसते, असतो तो गाजावाजा. तोच निकाल, तेच मैदान; पण निवेदकाने पंचांचे काम केले तर कोणी मानणार नाही आणि पंचांनी निवेदन केले तर कोणाला ऐकू जाणार नाही.

पंचांचा हात वर जाणे ही ज्या जातीची घटना आहे, तिच्याकडे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत लक्ष वेधले होते. काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत, तर ती उच्चारल्यानेच एखादी गोष्ट घडते. ‘सभा तहकूब झाली आहे’ असे अध्यक्षांनी म्हटले की सभा तहकूब होते. तेच चहावाल्याने म्हटले तर ती फार तर बातमी होते. अशा क्रियापदांपुढे इंग्रजीत ‘हिअरबाय’ म्हणजे ‘याद्वारे’ हा शब्द सहज बसतो. ‘याद्वारे घोषित करण्यात येते’ हे ठीक, पण ‘याद्वारे मी ठासून सांगतो’ हे इंग्रजीतही तितकेच विचित्र वाटते. डिक्लेअर, प्रोक्लेम, प्रोनाउन्स, अफर्म हे पहिल्या गटातले आणि असर्ट, मेन्टेन, अलेज हे दुसऱ्या गटातले. अनुवाद करताना मला तरी या कसोटीचा शब्दकोशापेक्षा अधिक उपयोग झाला.

प्रोनाउन्स हा शब्द निरोप्याच्याच घराण्यातला, पण तो खुर्चीवर बसलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या आदेशानुसार न्यायाधीश खुल्या न्यायालयात निकाल ‘प्रोनाउन्स’ करतात. वर्तमानपत्रात रोज येणारे ‘डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले’ हे वाक्य इंग्रजीत दोन्ही शब्दांनी लिहिले जाते, तरी एक बारीक छटा पाळण्यासारखी आहे. समोर देह असतो, डॉक्टर नाडी पाहतात आणि सांगतात, तेव्हा प्रोनाउन्स अधिक चपखल बसतो. जो माणूस सात वर्षे कोणालाच दिसला नाही, ज्याच्याकडून पत्र नाही की फोन नाही, त्याच्या वारसांच्या दाव्यात न्यायालय त्याला मृत ठरवते, तेव्हा डिक्लेअर हाच शब्द लागतो, कारण तिथे पाहण्यासारखे काही नसते. जी कायदेशीर स्थिती धूसर होती ती स्पष्ट केली जाते.

प्रोक्लेमच्या ओरडण्याचा वारसा कायद्यातही टिकून आहे. फरार आरोपीविरुद्ध न्यायालय जी उद्घोषणा काढते, तिला इंग्रजीत ‘प्रोक्लमेशन’ म्हणतात आणि ती त्या माणसाच्या गावातल्या ठळक ठिकाणी सर्वांसमक्ष वाचून दाखवावी, त्याच्या घराच्या दर्शनी भागावर लावावी आणि हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी, असे कायदा सांगतो. म्हणजे दवंडीच. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने जे प्रसिद्ध झाले आणि ज्याला आपण राणीचा जाहीरनामा म्हणतो, तेही प्रोक्लमेशन होते आणि २५ जून १९७५ ची आणीबाणीही राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखालील प्रोक्लमेशननेच आली. या शब्दात वरून खाली येणारा आवाज आहे. प्रजेने राजाला काही प्रोक्लेम केल्याचे कधी ऐकायला मिळत नाही.

याच वरच्या पायरीवर प्रमल्गेट आणि नोटिफाय हे दोन सरकारी शब्द आहेत. प्रमल्गेट म्हणजे कायदा किंवा अध्यादेश रीतसर अंमलात आणण्यासाठी प्रसिद्ध करणे. शासकीय मराठीत याला ‘प्रख्यापित करणे’ म्हणतात आणि हा शब्द कोणी घरात वापरत नाही हे एका अर्थी बरेच आहे, कारण राष्ट्रपती, राज्यपाल अशा घटनात्मक पदांवरच्या मोजक्या व्यक्तींवाचून अध्यादेशाच्या संदर्भात तो कोणाला वापरताच येत नाही. नोटिफाय म्हणजे अधिसूचना काढणे. कोल्हापूरच्या बेंचचीच गोष्ट घ्या. कित्येक वर्षे आंदोलने झाली, आश्वासने आली, ‘लवकरच निर्णय’ अशा मथळ्यांची कात्रणे साठली. ती सगळी अनाउन्समेंटच्या खात्यातली. १ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना निघाली तेव्हाच तारीख आणि ठिकाण कायद्याने पक्के झाले. गंमत म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ५१ व्या कलमात यासाठी वापरलेले क्रियापद घोषणेचे नाहीच. मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने एखादे ठिकाण ‘अपॉइंट’ करतात, म्हणजे नेमून देतात, असे तिथे म्हटले आहे.

ऊस पट्ट्यातल्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवून अधिसूचित करते आणि ती १४ दिवसांत देण्याचे बंधन कारखान्यावर असते. कारखाना पहिली उचल जाहीर करतो, ती अनाउन्स. घोषणेची रक्कम आणि खात्यावर आलेली रक्कम यांत अंतर पडले की शेतकरी कशाचा दाखला द्यायचा हे बरोबर ओळखतात.

आता ज्या शब्दापाशी मी सर्वांत जास्त अडखळलो, त्या अफर्मकडे येऊ. याच्या मुळाशी ‘फिर्मुस’ म्हणजे घट्ट, पक्का हा शब्द आहे, म्हणून शासकीय मराठीत त्याला ‘दृढकथन’ हा शब्द घडवला गेला. मंत्र्यांचा शपथविधी पाहताना दोन सूत्रे कानावर येतात : कोणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतो, तर कोणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ म्हणतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘स्वेअर’ आणि दुसऱ्यासाठी ‘अफर्म’ हे शब्द आहेत. दोन्हींचा कायदेशीर परिणाम एकच, फरक एवढाच की दुसऱ्यात ईश्वराला साक्षीला बोलावलेले नाही.

हा पर्याय इंग्लंडमध्ये आयता मिळाला नाही. क्वेकर पंथाचे लोक न्यायालयात शपथ घ्यायला नकार देत असत, कारण त्यांच्या वाचनाप्रमाणे बायबलच्या मत्तयकृत शुभवर्तमानात शपथच वाहू नका, तुमचे हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या, असे स्पष्ट सांगितले होते. त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे : शपथेवर खरे बोलतो असे म्हटले की शपथेविना बोललेले कमी खरे, असे आपोआप ठरते. १६९५ च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी अफर्म करण्याची मुभा मिळाली. पुढे १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी गृहस्थांनी संसदेत शपथेऐवजी दृढकथन करू देण्याची मागणी केली आणि एवढ्या एका क्रियापदासाठी त्यांना १८८६ पर्यंत आपल्या जागेवर नीट बसता आले नाही. १८८८ च्या शपथ कायद्याने हा हक्क सर्वांसाठी खुला झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. आपल्याकडे १९६९ च्या शपथ अधिनियमाने साक्षीदाराला हे दोन्ही मार्ग दिले आहेत आणि त्या अधिनियमातल्या नमुन्यात कोणत्याही ग्रंथावर हात ठेवण्याचा उल्लेख नाही. तो हात चित्रपटांनी ठेवला.

आपल्या प्रतिज्ञापत्रातले ‘सत्यप्रतिज्ञेवर’ हे याच अफर्मचे मराठी रूप आहे. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते, जी टंकलेखक न बघता टाइप करतो आणि पक्षकार न वाचता खाली सही करतो : परिच्छेद अमुक ते तमुक यांतील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे आणि उरलेला मिळालेल्या माहितीवरून माझ्या समजुतीप्रमाणे खरा आहे. मला विचाराल तर सगळ्या कागदातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, कारण स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांची वाटणी तिथे होते आणि खोटे निघाल्यास कशाबद्दल जाब द्यावा लागेल, हे त्या वाटणीवर ठरते. त्या सहीमुळेच तिथे अनाउन्स चालत नाही.

अफर्म आणि कन्फर्म एकाच धातूचे, पण वेगळ्या दिशांचे. अफर्म आतून येते, कन्फर्म बाहेरून. माझे म्हणणे मी अफर्म करतो. दुसऱ्या कोणी किंवा एखाद्या कागदाने त्याला दुजोरा दिला की ते कन्फर्म होते. महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट कन्फर्म होते, अफर्म होत नाही. अपिलात मात्र अफर्म वेगळ्या अर्थाने येतो : वरच्या न्यायालयाने खालचा हुकूमनामा अफर्म केला म्हणजे कायम केला, आणि ‘कायम’ हा आपला कचेरीतला शब्द ‘दृढकथन’पेक्षा मला कितीतरी जिवंत वाटतो.

‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ या शब्दप्रयोगातही हाच अफर्म आहे. अमेरिकेत तो ६ मार्च १९६१ च्या अध्यक्ष केनेडी यांच्या आदेशामुळे रूढ झाला. भेदभाव करू नका, एवढे नकारात्मक सांगून न थांबता काहीतरी होकारार्थी कृती करा, असा त्याचा आशय होता. त्याच्या जवळजवळ सहा दशके आधी, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर दरबाराने काढलेल्या आदेशात आदेशाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असे म्हटले होते. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. या आदेशाला आपण भाषणांत ‘घोषणा’ म्हणतो, पण त्यात तारीख आहे, टक्केवारी आहे आणि अंमलबजावणीची अपेक्षा आहे, म्हणून इंग्रजीत लिहिताना त्यासाठी अनाउन्स किंवा प्रोक्लेम वापरू नये. ‘ऑर्डर’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

असर्टला जो आक्रमक सूर आहे, त्यामागे जुनी कथा आहे. रोमन कायद्यात एखादा माणूस गुलाम की स्वतंत्र, हा वाद उभा राहिला की दावा सांगणारा त्याच्यावर हात ठेवून तो स्वतंत्र आहे किंवा माझा आहे असे म्हणत असे. लॅटिन ‘असेरेरे’ म्हणजे हे आपल्याकडे ओढून घेणे. आजही हक्क असर्ट केला जातो, तेव्हा समोर कोणीतरी तो नाकारणारा उभा असतो. कोणी नाकारत नसताना असर्ट वापरला, तर बोलणारा उगाच भांडतो आहे असे वाटते. ‘छातीठोकपणे’, ‘निक्षून’, ‘ठासून’ हे आपले क्रियाविशेषणांचे भांडवल इथे कामी येते. इंग्रजीने जे क्रियापदात ठेवले ते मराठीने ‘सांगणे’च्या आधी ठेवले.

अलेजमध्ये पुरावा अजून यायचा असतो आणि सांगितलेली गोष्ट बहुधा वाईट असते. कोणी परोपकार केल्याचे अलेज करत नाही. यावरून आलेल्या ‘कथित’ या शब्दाचा आपल्या बातम्यांत फार गोंधळ चालतो. चोरी झालेली आहे पण चोर कोण हे ठरायचे आहे, तेव्हा चोर कथित, चोरी नव्हे.

अव्हर हा शब्द वकिलांच्या बाहेर फारसा दिसत नाही. त्यात ‘वेरुस’ म्हणजे खरे हा शब्द आहे. वादपत्रातले प्रत्येक विधान ही एक अव्हरमेंट आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशानुसार जिला प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारले नाही, ती सामान्यतः कबूल धरली जाते. म्हणूनच आपल्या कैफियतींत परिच्छेदागणिक ‘सदर मजकूर खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे पालुपद येते. इंग्रजीत त्याचे ‘डिनाइड’ एवढेच करून टाकण्याचा मोह होतो, पण मी खोडसाळपणाही ठेवतो. पक्षकाराने त्याचे पैसे मोजलेले असतात.

अव्हाउ आणि प्रोफेस लवकर उरकता येतील. अव्हाउ म्हणजे लाज न बाळगता उघडपणे मान्य करणे. दिसायला तो नवसवाचक ‘व्हाउ’चा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ ‘ॲडव्होकेट’शी जुळते. प्रोफेस म्हणजे आपली श्रद्धा किंवा विद्या चारचौघांत सांगणे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातल्या धर्म ‘प्रकट करणे’ या शब्दांमागे तोच आहे आणि प्राध्यापकाला प्रोफेसर म्हणतात तेही त्यामुळेच. मात्र ‘तो मैत्री प्रोफेस करतो’ असे इंग्रज लिहितो, तेव्हा त्याला ती मैत्री खरी वाटत नाही, हे ओळखावे.

टेस्टिफाय आणि अटेस्ट यांच्यातला ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. त्याची रूढ व्युत्पत्ती ‘तिसरा उभा असलेला’ अशी सांगतात. आपल्या ‘तिऱ्हाईत’ या शब्दातही तोच तिसरा उभा आहे, तर ‘साक्षी’मध्ये अक्ष म्हणजे डोळा आहे. जो पाहून सांगतो तो टेस्टिफाय करतो. जो केवळ सही आपल्यासमोर झाली एवढेच सांगतो तो अटेस्ट करतो. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्या अटेस्ट करणाऱ्यांच्या असतात आणि आतल्या मजकुराच्या खरेपणाशी त्यांचा संबंध नसतो.

व्याकरणाची एक अडचण मात्र नेहमी येते. ‘त्याने मला जाहीर केले’ असे आपण म्हणत नाही, तरी इंग्रजी लिहिताना अनाउन्सच्या मागोमाग ऐकणाऱ्याचे नाव थेट ठेवले जाते. तिथे ‘टू’ लागतो. नोटिफाय आणि इन्फॉर्म यांना ऐकणारा थेट चालतो आणि डिक्लेअरला ‘अमुक हा विजयी’ अशी जोडी थेट चालते.

इतके होऊनही परवा सांगलीकडच्या एका वाटणीच्या दाव्यातील जबाबात एक वाक्य आले : ‘भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी बांध जुनाच असल्याचा निर्वाळा दिला.’ त्या वडीलधाऱ्यांकडे खुर्ची नव्हती, म्हणून प्रोनाउन्स नाही. शपथ नव्हती, म्हणून अफर्म नाही. वाद त्यांचा स्वतःचा नव्हता, म्हणून असर्टही नाही. आणि तरीही त्या शब्दानंतर चाळीस वर्षे कोणी बांध कोरला नाही, असे पुढच्याच ओळीत आहे. मी ‘स्टेटेड’ लिहून पुढे गेलो, मग परत येऊन ते खोडले आणि ‘व्हाउच्ड’ लिहिले, कारण त्यात निदान स्वतःची पत पणाला लावणे आहे. वकीलसाहेबांकडे कागद गेला आहे. लाल वर्तुळ अजून आलेले नाही.